मुलाखतीच्या खोलीत न विचारली जाणारी जात

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील एक मुलगी आपल्या वडिलांसोबत माझ्या कार्यालयात आली. मुलगी बी.कॉम., प्रथम वर्गात उत्तीर्ण. वडील नगरपालिकेत सफाई कामगार, आता निवृत्तीला आलेले. "जयभीम वकीलसाहेब," म्हणून ते समोरच्या बाकावर बसले आणि मुलीच्या हातातील प्लॅस्टिकची फाईल त्यांनी माझ्यापुढे सरकवली. फाईलमध्ये गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, संगणकाचे प्रमाणपत्र आणि सर्वात वर दोनशे नावांची एक यादी होती. यादीत प्रत्येक नावापुढे फोन नंबर, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न असे रकाने होते.

मुलीने एका खाजगी आयुर्विमा कंपनीच्या शाखेत विक्री अधिकाऱ्याच्या जागेसाठी अर्ज केला होता. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण ही गोष्ट त्या एका कंपनीची नाहीच. संगणकावरची पहिली परीक्षा ती पास झाली. नंतर शाखा व्यवस्थापकाने मुलाखत घेतली. पहिला प्रश्न : कुठे राहता? तिने वस्तीचे नाव सांगितले. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर, रमाबाईनगर असे नाव उच्चारले की पुढे आडनाव विचारण्याची गरज उरत नाही. दुसरा प्रश्न : वडील काय करतात? "नगरपालिकेत आहेत." "नगरपालिकेत कशात?" वाचक बंधूंनो, हा 'कशात' लक्षात ठेवा. वडील नगरपालिकेत आहेत एवढ्याने त्या मुलीची विमा विकण्याची क्षमता कमी-जास्त होत नाही, आणि 'कशात' कळल्यानेही होत नाही. तरीही तो प्रश्न विचारला गेला. मुलीने खरे उत्तर दिले.

मग तो कागद पुढे आला. घरी जाऊन दोनशे ओळखीच्या माणसांची यादी करून आणा. विमा धंद्यात याला 'नॅचरल मार्केट' म्हणतात. मुलगी रात्री बारापर्यंत बसली. नातेवाईक, वडिलांचे सहकारी, कॉलेजच्या मैत्रिणी, विहारात येणाऱ्या बाया, धम्मवर्गाचे गुरुजी, किराणा दुकानदार, रिक्षावाले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने लाल पेनाने पाच लाखांच्या वरचे उत्पन्न असलेली नावे गोल केली. अकरा निघाली. त्यातले आठ आपल्याच समाजातले : दोन शिक्षक, एक तलाठी, बँकेतील तिघे, दोन रेल्वेत. "यांनी तर आधीच पॉलिसी काढलेल्या असणार," असे तो म्हणाला. आठवडाभराने फोनवर संदेश आला की तुमचे प्रोफाइल जुळले नाही. तिच्यासोबत परीक्षेला बसलेली, तिच्यापेक्षा कमी गुण मिळालेली, बाजारपेठेतील एका व्यापाऱ्याची मुलगी निवडली गेली. तिच्या यादीत गोल केलेली नावे किती होती हे सांगायची गरज नाही.

वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, यात केस होते का?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. त्या खोलीत जातीचा एक शब्दही उच्चारला गेला नव्हता. व्यवस्थापकाला न्यायालयात उभे केले तर तो शपथेवर सांगेल की मी जात विचारली नाही, मी बाजार विचारला. त्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. तो कदाचित दुष्ट माणूस नसेल. त्याच्या डोक्यावर महिन्याचे टार्गेट आहे, त्याला पॉलिसी हव्या आहेत. पण भारतात माणसाची ओळख कोणाकोणाशी असते? ज्यांच्या घरात तो जेवतो, ज्यांच्याशी सोयरीक करतो, ज्यांच्या शेजारी राहतो त्यांच्याशी. म्हणजे ओळखीची यादी ही मुळात जातीची यादी आहे. शंभर पिढ्या ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या लेकीला सांगायचे की गावातील दोनशे श्रीमंतांची नावे आण, आणि ती आणू शकली नाही की तिच्यात गुणवत्ता नाही असा शेरा मारायचा! गुणवत्तेचा हा डांगोरा आपण आरक्षणविरोधी आंदोलनांपासून ऐकत आलो. विमा कंपनीने तो फक्त तक्त्याच्या रूपात मांडला आहे.

आणि गंमत पाहा. याच कंपनीचे एजंट त्याच वस्तीत घरोघर फिरून पॉलिसी विकतात. वस्तीतील बायांच्या बचतगटाचा पैसा हप्त्यात चालतो. हप्ता घ्यायला भीमनगर चालते, खुर्ची द्यायला चालत नाही.

विमा आणि आपला संबंध हा आजचा नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा तयार केला. त्यात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, हे आपल्या कार्यकर्त्यांना भाषणांतून ठाऊक असते. पण विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे बंधनकारक असावे, असेही त्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. बाबासाहेबांची कारणे भावनिक नव्हती. खाजगी कंपनीपेक्षा राज्याची हमी असलेला विमा माणसाला अधिक सुरक्षित, आणि त्यातून जमणारा पैसा राज्याला नियोजनासाठी स्वस्तात वापरता येतो, असा तो सरळ अर्थशास्त्रीय हिशेब होता.

हा हिशेब नऊ वर्षांनी काही अंशी खरा झाला. जानेवारी १९५६ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. (देशमुख महाड तालुक्यातील नाते गावचे. चवदार तळ्याचे पाणी ज्या तालुक्यात पेटले त्याच तालुक्यातला हा माणूस, एवढाच योगायोग, त्यापेक्षा जास्त अर्थ त्यात शोधू नये.) २४५ विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अवघा दीड महिना आधी. महामंडळाच्या कायद्यातील कलम ३७ प्रमाणे पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी आहे. बाबासाहेबांच्या मसुद्यातील एक कारण तर कायद्यातच उतरले. पुढे १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. १९७५ साली सुखदेव सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळ हे संविधानाच्या कलम १२ च्या अर्थाने 'राज्य' आहे असे ठरवले. त्याचा अर्थ असा की मूलभूत अधिकार, समान संधी, कलम १६ हे सारे महामंडळाच्या भरतीला लागू झाले.

ज्यांच्या घरात सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात कोणी 'एलआयसीत' लागले त्यांना हे वेगळे सांगायला नको. बँक, रेल्वे, पोस्ट आणि विमा या चार खात्यांनी आपल्या समाजात पहिला पगारदार वर्ग उभा केला. याच पगारदारांच्या वर्गणीवर कित्येक विहारे, वसतिगृहे आणि नियतकालिके चालली. १९७८ साली बामसेफ उभी राहिली तीही सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या जोरावरच. या वर्गाबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. त्यातले बरेच जण सदनिका घेऊन वस्तीपासून दूर गेले आणि १४ एप्रिलला गाडीतून येऊन गाडीतूनच जातात. पण ते इथे बाजूला ठेवू.

त्या काळातही वाट सोपी नव्हती. धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाला केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातीचे आरक्षण नव्हते. १९५० च्या राष्ट्रपती आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात. म्हणजे १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे आपल्या माणसाला दोन वाटा होत्या : कागदावर 'हिंदू महार' राहून आरक्षण घ्यायचे, किंवा 'बौद्ध' लिहून ते सोडायचे. महाराष्ट्र शासनाने राज्याच्या सेवेत बौद्धांना सवलती दिल्या होत्या, परंतु महामंडळ आणि सरकारी विमा कंपन्या केंद्राच्या. आजही कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर केवळ 'बौद्ध' लिहिलेला दाखला पाहून कारकून कपाळावर आठ्या आणतो. त्यामुळे केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातील, पूर्वाश्रमीच्या अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला दाखला आधीच काढून ठेवला पाहिजे. मुलाखतीला बोलावणे आल्यावर तहसील कार्यालयाच्या चकरा मारणारे उमेदवार मी दरवर्षी पाहतो.

नव्वदनंतर खाउजा आले. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले, २००० पासून खाजगी कंपन्यांना दारे उघडली. सुरुवातीला परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के होती. २०१५ साली ती ४९, २०२१ साली ७४ टक्के झाली. २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली आणि त्या वर्षअखेरीस संसदेने तशी दुरुस्तीही मंजूर केली. मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, महामंडळाचे साडेतीन टक्के भागभांडवल शेअर बाजारात विकले गेले. भांडवलाची टक्केवारी तीन वेळा बदलली. या पंचवीस वर्षांत खाजगी विमा कंपन्यांनी केलेल्या भरतीत अनुसूचित जाती-जमातींची माणसे किती, हा आकडा मात्र एकदाही कोणी जाहीर करायला लावला नाही.

खाजगी कंपनी 'राज्य' नाही, म्हणून कलम १६ तिला लागू नाही. २००४ च्या संपुआ सरकारच्या किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय होता. २००६ साली उद्योजकांच्या संघटनांनी स्वेच्छेने सामाजिक न्याय करू असे सांगून आचारसंहिता दिली आणि कायदा टळला. स्वेच्छेने न्याय करणारा भांडवलदार मी अजून पाहिलेला नाही. कोणी पाहिला असेल तर अवश्य कळवावे.

भेदभाव होतच नाही, असा दावा करणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, कागद सारखा. फरक फक्त आडनावाचा : एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याचे गुणोत्तर सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाले. हा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी केलेल्या चर्चेवरचा लेख आहे. हे अधिकारी जात मानत नाही असे म्हणतात, आणि लगेच सांगतात की आम्ही उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' पाहतो. माझ्यासमोर बसलेल्या मुलीला विचारलेला 'कशात?' हाच तो प्रश्न. थोरातांच्या अभ्यासातील उमेदवार तर खोलीपर्यंत पोचलेच नव्हते, ते पाकिटातच मागे राहिले. आमची मुलगी खोलीपर्यंत पोचली, एवढाच फरक.

आता सरकारी विमा कंपन्यांकडे वळू, कारण तिथेही मुलाखत आहे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सहायक पदाच्या म्हणजे कारकुनी जागांना आता मुलाखत नाही. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. त्याचे श्रेय कोणी घ्यावे हा राजकारणाचा भाग झाला, पण परिणाम आपल्या मुलांच्या हिताचा आहे, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. संगणकाला आडनाव दिसत नाही.

अधिकारीपदाचे तसे नाही. महामंडळाच्या सहायक प्रशासकीय अधिकारी पदाला मुख्य परीक्षा ३०० गुणांची आणि मुलाखत ६० गुणांची असते. अंतिम यादी ३६० मधून लागते, म्हणजे मुलाखतीचा वाटा एक षष्ठांश, जवळपास १७ टक्के. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत तो २,०२५ पैकी २७५, म्हणजे साडेतेरा टक्के. जिल्हाधिकारी निवडताना व्यक्तिमत्त्वाला जेवढे महत्त्व दिले जाते त्यापेक्षा जास्त विमा अधिकारी निवडताना दिले जाते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

१९८१ च्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण ठेवणे मनमानीचे ठरेल असे म्हटले. तो खटला श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा होता. तिथे १५० पैकी ५० गुण मुलाखतीला होते आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती. त्याच वर्षी लीला धर खटल्यात न्यायालयाने असेही म्हटले की प्रौढ, शिक्षण पूर्ण झालेल्या उमेदवारांच्या नोकरभरतीत मुलाखतीला अधिक महत्त्व देता येते. त्यामुळे १५ हा आकडा हातात घेऊन उद्या कोणी महामंडळाविरुद्ध याचिका केली तर ती जिंकेलच अशी हमी मी देणार नाही. तरुण कार्यकर्ते निकालातील एक ओळ व्हॉट्सअॅपवर फिरवतात आणि पुढची ओळ वाचत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. परंतु हासिया निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला टक्केवारीपेक्षा मोलाची वाटते. न्यायालयाने म्हटले की मुलाखती ध्वनिमुद्रित करणे इष्ट ठरेल, म्हणजे मनमानी झाली का हे नंतर तपासता येईल. १९८१ साली टेपरेकॉर्डर लागत होता. आज प्रत्येक शाखेच्या भिंतीवर कॅमेरा आहे, ग्राहकाचा फोन 'गुणवत्तेसाठी' मुद्रित होतो. मुलाखत मात्र मुद्रित होत नाही.

सरकारी मुलाखतींबद्दल केंद्राच्या जुन्या सूचना अशा की अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांच्या मुलाखती वेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या सत्रात घ्याव्यात, म्हणजे इतरांशी तुलना करून त्यांना कमी लेखले जाणार नाही. हेतू चांगला. पण मंडळाला आधीच कळते की आज 'ते' आहेत, आणि मग सरसकट सगळ्यांना किमान पात्रतेच्या आसपास गुण देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. असे होते असा आरोप मी पुराव्याशिवाय करणार नाही. तपासायचा मार्ग मात्र आहे : माहिती अधिकारात स्वतःचे लेखी आणि तोंडी गुण मागवा, प्रवर्गनिहाय शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण मागवा. सरकारी विमा कंपन्यांना माहितीचा अधिकार लागू आहे. आणि हे विसरू नका की कोणतीही सवलत न घेता खुल्या यादीइतके गुण मिळवणारा आपला उमेदवार खुल्या जागेवरच मोजला गेला पाहिजे. २०२० च्या सौरव यादव निकालाने हे पुन्हा स्पष्ट केले आहे. तसे मोजले नाही तर राखीव जागा एकाने कमी होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

विमा कंपनीच्या भरतीतील अपमानाचा सर्वात ठळक खटला मात्र जातीचा नाही, स्त्रीत्वाचा आहे. नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ, निकाल १९९१ चा. १९८९ साली महामंडळाने सहायक पदासाठी निवडलेल्या महिलेकडून एक घोषणापत्र भरून घेतले. त्यात मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, किती वेळा गर्भधारणा झाली असे रकाने होते. पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा खोटी माहिती दिली असे म्हणून परिविक्षा काळातच त्यांना काढून टाकले. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र हे रकाने स्त्रीच्या लज्जेला आणि आत्मसन्मानाला धक्का देणारे आहेत असे सांगून त्यांना कामावर परत घ्यायला लावले आणि रकाने काढून टाकायला सांगितले. हा खटला जिंकला गेला याचे कारण अपमान कागदावर छापलेला होता. तोच प्रश्न कोणी खोलीत हळू आवाजात विचारला असता तर? आणि तो आजही विचारला जातो. लग्न कधी करणार, नवरा बदलीला तयार होईल का, फिल्डवर रात्री फिरता येईल का. आपल्या मुलींना हा भार दुहेरी पडतो.

म्हणून 'केस होते का' या प्रश्नाकडे परत येतो.

कायदा नाही, हे खरे नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ पाहा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही व्यक्तीला व्यवसाय, धंदा किंवा कोणत्याही नोकरीच्या बाबतीत अडथळा करणे हा गुन्हा आहे. हा कायदा खाजगी मालकालाही लागू आहे. कलम १२ तर असे सांगते की असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, उलट सिद्ध होईपर्यंत. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने इतरांना खुल्या असलेल्या नोकरीपासून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला रोखणे हा गुन्हा म्हणून घातला गेला. हे दोन्ही कायदे आपण पाणवठ्यासाठी, मंदिरासाठी, मिरवणुकीसाठी, शिवीगाळीसाठी वापरतो. नोकरीच्या दारावर ते वापरल्याचे माझ्या वकिलीच्या काळात मी पाहिलेले नाही. कायदा आहे, पुरावा नाही. मुलाखतीची खोली ही पुरावा नाहीसा करण्याची जागा आहे.

बाबासाहेबांना हे १९४७ सालीच दिसले होते. ज्या मसुद्यात विम्याची मक्तेदारी राज्याकडे मागितली, त्याच मसुद्यात, त्याच्या अगदी अलीकडच्या कलमात, कारखाने आणि व्यापारी संस्थांतील खाजगी मालकांनी वंश, धर्म किंवा सामाजिक दर्जावरून केलेला भेदभाव हा गुन्हा मानावा आणि त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे अशी मागणी आहे. ही दोन कलमे शेजारी आहेत हा योगायोग मला वाटत नाही. पहिले कलम संविधानात आले नाही, दुसरे कायद्याने आले आणि आता हप्त्याहप्त्याने परत घेतले जात आहे.

मग आज मागायचे काय? खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी सोडायची नाही. पण तो कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. विमा कायद्याच्या कलम ३२ब आणि ३२क प्रमाणे प्रत्येक कंपनीने ग्रामीण भागात, असंघटित कामगारांत आणि मागासवर्गीयांत विम्याचा ठरावीक धंदा केलाच पाहिजे असे बंधन आहे, आणि नियामक प्राधिकरण ते आकड्यांनी तपासते. विमा कोणाला विकायचा हे सरकार कंपनीला सांगू शकते, तर नोकरीवर कोण आहे एवढे जाहीर करायला का लावू शकत नाही? आरक्षण नव्हे, फक्त आकडे. प्रत्येक कंपनीच्या वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांची प्रवर्गनिहाय संख्या, मुलाखतीचे लेखी निकष आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण एवढ्या तीन गोष्टी प्राधिकरण एका परिपत्रकाने करू शकते. आपल्या खासदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारल्याचे ऐकिवात नाही. हैदराबादला प्राधिकरणाच्या दारात एकही मोर्चा गेलेला नाही. आपण दादरला, नागपूरला लाखोंनी जमतो आणि जमलेच पाहिजे, पण नोकरी देणारी दारे आता दुसऱ्या गावांत आहेत.

काही कार्यकर्ते म्हणतात, खाजगी विमा कंपनीची नोकरी ती कसली नोकरी, टार्गेट पूर्ण नाही झाले की घरी! यात तथ्य आहे. टार्गेट भरण्यासाठी बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून पॉलिसी काढायची, दुसऱ्या वर्षी हप्ता भरता येत नाही म्हणून ती बंद पडायची, आणि नोकरीही जायची, अशी घरे मी पाहिली आहेत. नेमणुकीच्या पत्रातील टार्गेटची अट न वाचता सही करू नये. परंतु सरकारी जागा आटत असताना 'खाजगी नकोच' हे म्हणणे पोट भरलेल्या माणसाला परवडते. बी.कॉम. झालेल्या मुलीला नाही.

त्या मुलीच्या वडिलांना मी सांगितले की आजच्या पुराव्यावर केस होणार नाही, झाली तरी टिकणार नाही. ते गप्प बसले. मुलीने विचारले, "सर, पुढच्या वेळी मी काय करू?" तेव्हा मी तिला जे सांगितले ते इथे लिहितो, कारण तिच्यासारखे अनेक आहेत. जाहिरातीची प्रत जपून ठेवायची. मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, विचारलेले सगळे प्रश्न आणि विचारणाऱ्याचे पद तारीख-वेळेसह लिहून काढायचे आणि स्वतःच्याच ईमेलवर पाठवायचे. नकार फोनवर आला तर लेखी कारण ईमेलने मागायचे, उत्तर नाही आले तरी मागितल्याचा पुरावा राहतो. सोबतच्या उमेदवारांचे नंबर घ्यायचे. यादी दिली तर तिचा फोटो काढून ठेवायचा. सरकारी कंपनी असेल तर तिथल्या अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या संपर्क अधिकाऱ्याकडे आणि कलम ३३८ खाली राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार जाते. खाजगी असेल तर कागद माझ्याकडे किंवा जवळच्या आपल्या वकिलाकडे आणायचे. एक कागद काही सिद्ध करत नाही, पण एकाच कंपनीच्या पंधरा शाखांतून पंधरा मुलांचे असे कागद आले तर कलम ४ आणि कलम १२ घेऊन न्यायालयासमोर उभे राहता येईल.

आतापर्यंत माझ्याकडे चार आले आहेत. लाल गोल असलेली ती यादी त्यातली पहिली.